गर्भपातानंतरचा रक्तस्राव आणि मासिक पाळी

गर्भपातानंतरचा रक्तस्राव म्हणजे गर्भपात झाल्यावर किंवा करवून घेतल्यावर गर्भाशय रिकामे होऊन पूर्वस्थितीला येईपर्यंत योनिमार्गे होणारा रक्तस्राव होय. हा स्राव आणि त्यानंतर येणारी पहिली मासिक पाळी या शरीरातील दोन वेगवेगळ्या घटना आहेत. रक्तस्राव साधारणपणे काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालतो, तर पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांनी परत येते. पाळी येण्यापूर्वीच पुन्हा गर्भधारणा होऊ शकते.

महाराष्ट्रात हा विषय वैद्यकशास्त्रापुरता मर्यादित नाही. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), बीड यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत रुग्णालयाचे अंतर, रक्तक्षय, ऊसतोडणीसाठीचे हंगामी स्थलांतर आणि पाळीविषयीचा संकोच या गोष्टींशी तो जोडलेला आहे.

शब्दप्रयोग

वैद्यकीय मराठीत ‘गर्भपात’ हा शब्द आपोआप झालेल्या आणि करवून घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारांसाठी वापरला जातो. कायद्याच्या भाषेत दुसऱ्या प्रकाराला ‘वैद्यकीय गर्भपात’ म्हणतात. बोलीभाषेत ‘पोट पडणे’ म्हणजे आपोआप झालेला आणि ‘पोट पाडणे’ म्हणजे करवून घेतलेला गर्भपात. गर्भाशय रिकामे करण्याच्या शस्त्रक्रियेला ‘पिशवी साफ करणे’, ‘पिशवी धुणे’ किंवा ‘क्युरेटिंग’ असे म्हटले जाते.

ग्रामीण भागात ‘अंगावरून जाणे’ हा शब्दप्रयोग पांढरा स्राव, पाळीबाहेरचा रक्तस्राव आणि गर्भपातानंतरचा रक्तस्राव या सर्वांसाठी होतो. त्यामुळे दवाखान्यात ‘पाळी आली का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले, तरी ते गर्भपाताच्याच रक्तस्रावाविषयी असू शकते. उपचार करणाऱ्याने रक्तस्राव कोणत्या दिवशी सुरू झाला, मध्ये थांबला का आणि पुन्हा कधी आला, हे स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक असते.

शरीरक्रिया

नेहमीच्या मासिक पाळीत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी खाली येते, गर्भाशयाच्या आतील अस्तराचा वरचा थर सुटतो आणि रक्ताबरोबर बाहेर पडतो. गर्भपातानंतरच्या रक्तस्रावाचा उगम मुख्यतः वार जिथे चिकटलेली असते त्या जागेतून होतो. तेथील रक्तवाहिन्या मोठ्या झालेल्या असतात. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले की या वाहिन्या दाबल्या जातात आणि स्राव कमी होत जातो. वार किंवा गर्भाचा काही भाग आत राहिला, तर गर्भाशय पुरेसे आवळले जात नाही व रक्त जात राहते. गर्भाशय रिकामे झाल्यावर अस्तराचा खालचा, मूळ थर शाबूत असतो. त्यातूनच नवे अस्तर तयार होते.

गर्भपाताच्या गोळ्यांचे कार्यही याच क्रियांवर आधारलेले आहे. मिफेप्रिस्टोन हे औषध प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखते, त्यामुळे गर्भाची पकड सुटू लागते. मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाच्या मुखाला सैल करते व स्नायूंना आकुंचन पावायला लावते. पोटात येणाऱ्या कळा याच आकुंचनाच्या असतात.

रक्तस्रावाचे सामान्य स्वरूप

गोळ्यांद्वारे केलेला गर्भपात. मिफेप्रिस्टोननंतर थोडा रक्तस्राव होऊ शकतो किंवा मुळीच होत नाही. मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर बहुधा एक ते चार तासांत कळा व रक्तस्राव सुरू होतो. गर्भ बाहेर पडेपर्यंतच्या काही तासांत रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो आणि त्यात गाठी दिसतात. त्यानंतर तो उतरत जातो. एकूण रक्तस्राव सरासरी ९ ते १६ दिवस चालतो. सुमारे ८ टक्के स्त्रियांमध्ये थोडा रक्तस्राव वा डाग ३० दिवस किंवा त्याहून अधिक काळ दिसू शकतात.

निर्वात शोषण पद्धत. ‘व्हॅक्यूम ॲस्पिरेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत गर्भाशय त्याच वेळी रिकामे केले जाते. त्यामुळे नंतरचा रक्तस्राव तुलनेने कमी असतो. काही स्त्रियांना पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ काहीच जात नाही आणि मग पाळीसारखा स्राव सुरू होतो. तो थांबत-थांबत एक ते दोन आठवडे राहू शकतो.

आपोआप झालेला गर्भपात. गर्भ व वार पूर्णपणे बाहेर पडल्यास रक्तस्राव साधारण एक ते दोन आठवड्यांत संपतो. काही भाग आत राहिल्यास त्यास ‘अपूर्ण गर्भपात’ म्हणतात व औषधाने किंवा शोषण पद्धतीने गर्भाशय रिकामे करावे लागते.

गर्भधारणेचे आठवडे जितके अधिक, तितके रक्तस्रावाचे प्रमाण व कालावधी वाढण्याची शक्यता असते. बाराव्या आठवड्यानंतरच्या गर्भपातात काही दिवसांनी स्तनांत दूधही येऊ शकते. ते आपोआप ओसरते.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास विलंब न करता रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

• सलग दोन तास, दर तासाला दोन किंवा अधिक मोठे पॅड पूर्ण भिजणे. पॅडऐवजी कापडाच्या घड्या वापरत असल्यास त्याच वेगाने त्या पूर्ण भिजणे.
• लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी वारंवार पडणे.
• चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, हातपाय गार पडणे किंवा बेशुद्धी.
• मिसोप्रोस्टॉलनंतर २४ तास उलटल्यावरही ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप. औषध घेतल्यावर लगेच येणारी थंडी व कणकण बहुधा त्याच दिवशी उतरते.
• दुर्गंधीयुक्त स्राव किंवा औषधानेही न थांबणारी ओटीपोटातील वेदना.
• पोटाच्या एका बाजूला तीव्र वेदना किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे. ही अस्थानिक, म्हणजे गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भधारणेची खूण असू शकते. गर्भपाताच्या गोळ्यांनी अशी गर्भधारणा संपत नाही, आणि गर्भनलिका फुटल्यास जिवाला धोका असतो.
• मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर २४ तासांत रक्तस्रावच न होणे. गर्भ तसाच राहिला असण्याची किंवा गर्भधारणा अस्थानिक असण्याची शक्यता अशा वेळी तपासावी लागते.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे. गर्भपात आपोआप झाला की गोळ्यांनी, यावरून अपूर्ण गर्भपाताचा उपचार बदलत नाही. तरीही कोणत्या गोळ्या, किती व कोणत्या तारखेला घेतल्या हे डॉक्टरांना सांगितल्यास निदान लवकर होते.

मासिक पाळीचे पुनरागमन

गर्भधारणेत तयार होणारे एचसीजी हे संप्रेरक गर्भपातानंतर रक्तातून हळूहळू नाहीसे होते. त्याची पातळी उतरली की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला पुन्हा चालना देते, नवे स्त्रीबीज वाढू लागते आणि सरासरी तीन आठवड्यांच्या सुमारास ते अंडाशयातून बाहेर पडते. यास अंडमोचन म्हणतात. अंडमोचनानंतर गर्भ न राहिल्यास साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. पहिली पाळी चार ते सहा आठवड्यांनी येण्यामागील कारण हेच आहे. पूर्वीपासून पाळी अनियमित असलेल्या स्त्रियांमध्ये ही मुदत लांबू शकते.

पहिल्या तिमाहीतील गर्भपातानंतर अंडमोचन लवकरात लवकर आठव्या ते दहाव्या दिवशीही होऊ शकते, आणि बहुतांश स्त्रियांमध्ये ते पहिल्या महिन्यातच होते. म्हणून ‘पाळी आल्याशिवाय दिवस जात नाहीत’ हा समज चुकीचा आहे. रक्ताचे डाग चालू असतानाही अंडमोचन झालेले असू शकते.

पहिली पाळी नेहमीपेक्षा जास्त, कमी किंवा अधिक दुखरी असू शकते. दोन-तीन चक्रांत ती बहुधा पूर्ववत होते. गर्भपाताचा दिवस नव्या चक्राचा पहिला दिवस धरला जातो. रक्तस्राव थांबून काही दिवस कोरडे गेल्यावर, चौथ्या आठवड्यानंतर नव्याने सुरू होणारा स्राव ही बहुधा पाळी असते.

मूत्राची गर्भचाचणी गर्भपात पूर्ण झाला असतानाही सुमारे चार आठवड्यांपर्यंत होकारार्थी येऊ शकते, कारण एचसीजीचा अंश शरीरात शिल्लक असतो. त्यामुळे फार लवकर केलेल्या चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

पाळी न येण्याची कारणे

आठ आठवड्यांनंतरही पाळी न आल्यास तपासणी करावी. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

• मूळ गर्भधारणा चालू राहणे. गोळ्यांच्या योग्य वापरानंतर हे साधारण १ टक्का प्रकरणांत घडते.
• गर्भपातानंतर लगेच राहिलेली नवी गर्भधारणा.
• संप्रेरकयुक्त गर्भनिरोधकांचा परिणाम. शासकीय केंद्रांत ‘अंतरा’ या नावाने मिळणाऱ्या तिमाही इंजेक्शनमुळे पाळी अनियमित होते किंवा बंदही राहते. ‘छाया’ या गोळीने पाळी लांबू शकते. या गोळीत लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने विकसित केलेले सेंटक्रोमॅन हे औषध असते व त्यात संप्रेरक नसते.
• गर्भाशयाच्या आतील भिंती एकमेकींस चिकटणे, म्हणजे ॲशरमन विकार. १९४८ साली जोसेफ ॲशरमन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. धारदार उपकरणाने गर्भाशय खरवडल्यास अस्तराच्या मूळ थराला इजा होऊन हा विकार संभवतो. जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी निर्वात शोषणाची शिफारस करते.
• तीव्र मानसिक ताण, अपुरा आहार, थायरॉइडचे विकार.

योग्य पद्धतीने व गुंतागुंतीविना झालेल्या गर्भपातामुळे वंध्यत्व येत नाही. द्राक्षगर्भ, म्हणजे वारेच्या पेशींची विकृत वाढ असल्यास मात्र रक्तस्राव लांबतो. अशा रुग्णांत एचसीजीची पातळी पूर्ण उतरेपर्यंत नियमित तपासणी करावी लागते.

काळजी आणि गर्भनिरोधन

रक्तस्रावाच्या काळात पॅड किंवा स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले कापड वापरावे. आंघोळ करण्यास हरकत नसते. वेदनेसाठी आयबुप्रोफेन उपयोगी पडते व त्याने गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. कोणताही आहार ‘उष्ण’ म्हणून वर्ज्य करण्यास वैद्यकीय आधार नाही. उलट डाळी, हिरव्या पालेभाज्या, बाजरी, शेंगदाणे, अंडी, मांस असा लोहयुक्त आहार व लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या आवश्यक असतात. चहा या गोळ्यांबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते.

रक्तक्षय असलेल्या स्त्रीला दोन आठवड्यांचा साधा रक्तस्रावही जड जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यापूर्वीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते.

बहुतेक गर्भनिरोधक साधने गर्भपाताच्या दिवसापासूनच सुरू करता येतात. निर्वात शोषणानंतर तांबी लगेच बसवता येते. गोळ्यांच्या गर्भपातानंतर गर्भाशय रिकामे झाल्याची खात्री करून आणि जंतुसंसर्ग नसल्यास ती बसवतात.

महाराष्ट्रातील स्थिती

इतिहास. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गर्भवती विधवांसमोर त्या काळी जीवघेणा गर्भपात, अर्भकाची हत्या किंवा आत्महत्या असेच पर्याय उरत असत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्यावर मराठीत उघडपणे लेखन केले. गर्भपाताच्या कायद्याचा पाया घालणाऱ्या केंद्रीय समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. ही समिती १९६४ मध्ये नेमली गेली.

अभ्यास. राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, परंतु पूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पाळी व रक्तस्रावाच्या तक्रारी स्त्रिया अंगावर काढतात, हे या अभ्यासातून पुढे आले. भारतात २०१५ साली सुमारे १.५६ कोटी गर्भपात झाले व त्यांपैकी जवळपास ७३ टक्के आरोग्य संस्थांबाहेर, गोळ्यांच्या साहाय्याने झाले, असा अंदाज मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात मांडला गेला. याचा अर्थ बहुसंख्य स्त्रिया हा रक्तस्राव घरीच अनुभवतात, आणि किती रक्त जाणे सामान्य आहे हे त्यांना कोणी सांगितलेले असेलच असे नाही.

धाराशिव जिल्हा. बालाघाटाच्या डोंगररांगेतील या अवर्षणप्रवण जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा आकांक्षित जिल्हे म्हणून समावेश केला, त्यांत हा जिल्हा आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. स्त्री जी तक्रार पुरुष डॉक्टरांपुढे मांडत नाही, ती शेजारच्या प्रशिक्षित बाईला सांगते, हे अशा कामाचे महत्त्व आहे. आज आशा कार्यकर्त्या अशीच भूमिका बजावतात.

ऊसतोड कामगार स्त्रिया. बीड, धाराशिव व लगतच्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीसाठी जातात व मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते. कामाचा खाडा झाल्यास दंड कापला जातो. कोपीत राहणाऱ्या स्त्रीला शौचालय, पुरेसे पाणी व आडोसा मिळत नाही. अशा स्थितीत गर्भपातानंतरही मोळ्या उचलणे चालू राहते, आणि रक्तस्राव वाढला तरी दवाखाना म्हणजे बुडालेली मजुरी असते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भपातानंतरचा लांबलेला रक्तस्राव किंवा अनियमित पाळी यांवर बहुतांश वेळा औषधांनी वा छोट्या उपचाराने नियंत्रण मिळवता येते. गर्भाशय काढणे हा त्यावरील पहिला उपाय नाही. अंडाशयही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

लिंगनिदान व असुरक्षित गर्भपात. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय (१९८८). केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४ व बीड जिल्ह्यात ८०७ होती. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात स्त्रियांचे मृत्यू झाले. बेकायदा आहे म्हणून लपवले जाणारे रक्त सर्वाधिक धोकादायक ठरते, कारण रुग्ण उशिरा पोहोचते. लिंगनिदान गुन्हा असला, तरी गर्भपात हा कायद्याच्या चौकटीत वैध उपचार आहे.

कायदेशीर तरतुदी

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे, तर २० ते २४ आठवड्यांपर्यंत विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत आवश्यक असते. गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळ निर्णय देते. गोळ्यांद्वारे गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो व गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाच्या असतात. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची संमती लागत नाही. स्त्रीची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांची तरतूद अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचा निर्णय दिला.

मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. गर्भपातामुळे आजारपण आल्यास आणखी एक महिन्यापर्यंत रजा देण्याची तरतूद आहे. सहा आठवडे हा काळ साधारणतः पहिली पाळी परत येण्याच्या मुदतीइतकाच आहे. हा कायदा ठरावीक आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना लागू होतो. मुकादमामार्फत उचल घेऊन फडावर जाणाऱ्या स्त्रीपर्यंत ही रजा व्यवहारात पोहोचत नाही.

हेही पाहा

• मासिक पाळी
• वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१
• रक्तक्षय
• कुटुंब नियोजन
• ऊसतोड कामगार
• धाराशिव जिल्हा